जर्मन वकिलाचा डबा आणि पाच ओंजळी ज्वारी

माझी नात सध्या वकिली शिकते. परवा तिनं विचारलं, "आजी, तू इतकी वर्षं कोर्टात नेमकं काय केलंस?" मी म्हटलं, "वाट पाहिली." तिला विनोद वाटला. सिनेमातले वकील बोलतात. आमच्या आदिलाबादच्या कोर्टातले वकील बसतात. पुकारा झाला की उठायचं, तारीख घ्यायची, पुन्हा येऊन बसायचं. बोलण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्यासारखे. त्यातला एक तर असा, की पिंजऱ्यात उभी राहून तोंड उघडेपर्यंत मला वाटत होतं, आज आपली वाचा बसली तर देवाचे उपकार होतील. तोच सांगते.

त्या वेळी मी पंचविशीची होते. लग्नाला सात महिने झाले होते आणि काळ्या कोटाला चार. स्वतःबद्दल माझं मत फारच चांगलं होतं. सकाळी साडीवर कोट चढवून मी आरशापुढे "मायलॉर्ड" म्हणून पाहत असे. मुन्सिफ कोर्टात कुणी कुणाला मायलॉर्ड म्हणत नाही, हे त्या बयेला ठाऊक होतं. पण आरसा हायकोर्टातला होता, त्याला कोण काय करणार?

माझे सीनिअर माधवराव साहेब. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, जुनी पहाणी, म्हणजे जमिनीची सरकारी नोंद, पेपरासारखी वाचणारे. उटनूरकडचे एक आजोबा दर महिन्याला बस करून यायचे, दावा-बिवा काही नाही. पिशवीतून एक जुना उर्दू कागद काढायचे, साहेबांकडून वाचून घ्यायचे, त्यात आपल्या बापाचं नाव आलं की मान डोलवायचे आणि परतीची बस पकडायचे. साहेब प्रत्येक वेळी तो कागद पहिल्यांदाच पाहिल्यासारखा वाचत. असं ऑफिस.

त्याच ऑफिसातल्या कपाटात मला जर्मन वकील भेटला. एका इंग्रजी पुस्तकात. एकोणिसाव्या शतकातल्या कुणा जर्मन वकिलाचं चरित्र होतं, पण पुढची पानं आणि मागची पानं वाळवीनं खाल्लेली. त्यामुळे त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. साहेब त्याला "आमचे जर्मन" म्हणायचे. उरल्या पानांवरून एवढं कळायचं, की तो खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा. लहानशा गावात वकिली केली. मोठे खटले त्याच्याकडे आले नाहीत. बांध, पाट, मधमाश्यांचं पोळं कुणाच्या झाडावर, हंसानं कुणाचं पीक खाल्लं, असली कामं. पण वादाच्या जागी स्वतः चालत जायचा. आणि जाताना घरची भाकर म्हणजे पाव रुमालात बांधून न्यायचा, का, तर कुठल्याच पक्षकाराचा घास पोटात नको. बायको चिडायची. कोट झिजून हिरवा पडला होता. मी त्या माणसाच्या प्रेमातच पडले म्हणा ना. नवऱ्याला सांगितलं नव्हतं एवढंच.

वाळवीपासून वाचलेलं शेवटचं पान असं होतं. पाणचक्कीचा दावा असतो. जर्मनानं स्वतः काढलेल्या नकाशात पाट चुकीच्या जागी पडलेला असतो. चूक त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नसते, आणि ती सांगितली तर ज्याची बाजू खरी तोच हरायचा. न्यायाधीश विचारतात, नकाशा बरोबर आहे ना? 'तो उभा राहिला, त्यानं टोपी हातात घेतली, आणि'

पुढं भोक.

"साहेब, पुढं काय झालं असेल?" मी विचारलं होतं.

"वाळवीनं निकाल राखून ठेवलाय," साहेब म्हणाले.

आता थोडं धंद्याचं. जमिनीच्या भांडणात न्यायाधीश खुर्ची सोडून वावरात जाऊ शकत नाहीत. मग ते एखाद्या वकिलाला आपले डोळे करून पाठवतात. त्याला कमिशनर म्हणायचं. नाव भारदस्त, काम उन्हात हिंडायचं, म्हणून ते नवख्यांच्या गळ्यात पडतं. कमिशनर दोन्ही बाजूंपैकी कुणाचाच नसतो. खरं कुणाचं, ताबा कुणाचा, हे त्यानं ठरवायचं नाही. धुरा म्हणजे बांध कुठं आहे, झाड केवढं आहे, जमिनीत काय दिसतं, तेवढं लिहून आणायचं. डोळ्यांनी मत द्यायचं नाही.

मला मिळालेलं ते पहिलं कमिशन. गाव पैनगंगेच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, कारण दोन्ही घरची नातवंडं आता एकाच व्हॅनमधून शाळेत येतात. माणसांचीही नावं बदलली आहेत. गिरजाबाईचं तीन एकराचं वावर, त्यात विहीर. शेजारी किसन पटेलाचं मोठं शेत. गिरजाबाईच्या नवऱ्याला, मारोतीला, लकवा मारला. तो बाजेवर पडला आणि त्याची वाचा गेली. त्यानंतर पटेलानं धुरा फोडला, वावरात वखर घातला आणि म्हणायला लागला, की हे वावर मारोतीनं मला कधीच देऊन टाकलंय, कैक वर्षं इथं माझीच पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी आहे. मारोती नाही म्हणू शकत नव्हता. कागदावर ताब्याच्या रकान्यात पटेलानं आपलं नाव चढवून घेतलं होतं. वावर गेलं तर विहीर जाणार, विहीर गेली तर गिरजाबाईची उरलेली जमीन सुकणार, आणि तिला रोजानं जायची पाळी येणार ती पटेलाच्याच शेतात. तिनं मनाईहुकूम मागितला होता. कागद तिच्या विरुद्ध. बोलू शकली असती तर फक्त जमीन.

माझ्या सासूबाईंनी निघताना बजावलं, "सुमन, नव्या गावात चाललीस. कुंकवाला नाही म्हणू नकोस हं." साहेबांनी बजावलं, "पाणीसुद्धा घेऊ नका." मी दोघांनाही हो म्हटलं. पुढचं सगळं त्या दोन होकारांमुळे झालं.

फाल्गुन संपत आला होता. बसमधून उतरले तेव्हा एका हातात टेप, एका हातात डबा, जर्मनाच्या आठवणीत मुद्दाम रुमालात बांधलेला. दोन्ही बाजूंची माणसं जमली होती. टेपचं एक टोक मी गिरजाबाईच्या हातात दिलं, दुसरं पटेलाच्या. पटेल टोक ओढून ओढून धरायचा.

"पटेल, रबर नाही ते," गिरजाबाई म्हणाली. "ताणून वावर वाढत नसते."

वावर नुकतंच वखरलेलं होतं. "पाहा बाई, पऱ्हाटी उपटून रान साफ केलं म्या," पटेल म्हणाला. मी उकिडवी बसले आणि पेनाच्या टोकानं ढेकळं उकरली. खाली ज्वारीची धसकटं निघाली. दहा ठिकाणी उकरलं, दहाही ठिकाणी ज्वारी. फोडलेल्या धुऱ्यावरच्या गवताची मुळं अजून ओली होती. विहिरीच्या काठाच्या दगडावर दोराच्या जुन्या खाचा होत्या आणि त्या गिरजाबाईच्या पायवाटेकडे तोंड करून होत्या. विहिरीमागं कडब्याचा मोठा ढीग. पटेल म्हणाला, "तो माहा. आणून टाकला." मी लिहिलं, 'कडब्याचा एक ढीग.' सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. पटेल चेहरा पाडून गावाकडं गेला. माझी छाती कोटात मावत नव्हती.

मग मी बाभळीखाली बसून, एकटीच, ऐटीत, डबा उघडला. तिखट ठेचा आणि भाकर. दुसऱ्या घासाला उचकी लागली. पाण्याची बाटली टेप धरताना कुठं तरी लवंडली होती. समोर विहीर. गिरजाबाईनं तांब्या भरून आणला.

"घ्या बाई."

"नको. उच्‌... कायदा आहे."

"उचकीले कायदा नसते."

"नको... उच्‌... म्हटलं ना."

ती माझ्यासमोर तांब्या घेऊन उभी, मी उचक्या देत बसलेली, आणि जर्मन वकील स्वर्गातून माझ्याकडे कौतुकानं पाहत असणार असा माझा समज. आज मला त्या पोरीच्या पाठीत एक धपका घालावासा वाटतो. आधी उचकी थांबेल, मग बाकीचंही.

गिरजाबाईनं तांब्या खाली ठेवला. कमरेची गाठोडी सोडली. आत खण, नारळ, सुपारी, कुंकवाचा करंडा. म्हणाली, "पाणी नोका घेऊ. पण पयल्यांदा गावात आल्या, नवी नवरी, अन् वावरातून रिकाम्या वटीनं जासान? माह्या वावराले पाप लागन." आणि मला काही सुचायच्या आत ती कडब्याच्या ढिगाकडे गेली. पेंढ्या बाजूला केल्या. खाली ज्वारीची रास होती. खळं केलेली, पाखडलेली. पटेलाच्या माणसांना दिसू नये म्हणून तिनं झाकून ठेवली होती. ओंजळ भरभरून आणली. "आमच्यात पयली वटी वावरातल्या दाण्यानं भरतात," म्हणाली. कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्या पदरात पाच ओंजळी ज्वारी घातली.

सासूबाईंचा शब्द पाळला गेला. पदर जड झाला तेव्हा साहेबांचा आठवला. मग मी काय केलं असेल? उरलेली भाकर रुमालात बांधली, डब्यात ज्वारी ओतली, वर खण दाबला, झाकण लावलं. नारळ कोटाच्या खिशात. कोट एका बाजूनं पिशवीसारखा लोंबत होता. जर्मनाच्या डब्यात लाच भरून मी ताठ मानेनं बसकडे निघाले.

वाटेत पटेलाचा वाडा. दारात त्याची बायको, कौसल्याबाई, हातात करंडा घेऊन उभी. "बाई, आमच्याही घरचं कुंकू लावून जा." आता मात्र माझ्यातला न्याय जागा झाला. मी म्हटलं, "मी कोर्टाची कमिशनर आहे. मला चालत नाही." तिनं माझ्या कपाळावरच्या ताज्या कुंकवाकडे पाहिलं, खिशातल्या नारळाकडे पाहिलं, आणि करंड्याचं झाकण लावलं. ते झाकण लावल्याचा आवाज मला अजून येतो.

एकीकडचं घेतलं आणि दुसरीकडचं नाकारलं. दोन्ही नाकारलं असतं तर वकील ठरले असते, दोन्ही घेतलं असतं तर सून ठरले असते.

अहवाल लिहिला. धसकटं लिहिली, ओली मुळं लिहिली, दोराच्या खाचा लिहिल्या. कडब्याखालच्या राशीपाशी पेन थांबलं. रास लिहायची तर कशी दिसली ते लिहावं लागणार. मी स्वतःशी वकिली केली: पाहणी तर संपली होती, सह्या झाल्या होत्या, रास नंतर दिसली, म्हणजे ती कमिशनरला दिसली नाही, सुमनला दिसली. युक्तिवाद बिनतोड होता. रास गाळली. गिरजाबाईच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा मी माझी अब्रू झाकायला कडब्याखाली परत ढकलून दिला. बाकी चुका मी हसत सांगते. ही नाही.

पंधरा दिवसांत पटेलाची हरकत दाखल झाली. सोबत कौसल्याबाईचं शपथपत्र. कमिशनर बाईनं गिरजाबाईकडून विहिरीजवळ खण, नारळ आणि ज्वारीची ओटी घेतली, आमचं कुंकू नाकारलं, सबब अहवाल पक्षपाती आहे, तो रद्द करावा. आणि मला साक्षीला बोलवावं. तोपर्यंत पटेलानं वावरावर दुसऱ्यांदा वखर फिरवला होता. धसकटं गेली होती, धुरा सपाट झाला होता. नवा कमिशनर पाठवला तरी त्याला काही दिसणार नव्हतं. माझा कागद फाटला की गिरजाबाईचं वावर गेलं.

साहेबांना सांगितलं. सगळं सांगितलं, डब्यासकट. त्यांनी चष्मा पुसला.

"ज्वारीच होती का?"

"हो."

"हं," म्हणाले आणि समोरची फाइल ओढली. मी रडवेली झाले. माणूस बुडतोय आणि हे दाण्याची जात विचारतायत! साक्षीदाराला पढवायचं नसतं, एवढंच त्यांनी त्या दिवशी पाळलं, हे मला खूप नंतर समजलं.

तारखेच्या दिवशी व्हरांड्यात गिरजाबाईच्या वकिलांनी मला खांबाआड गाठलं. "नाही म्हणून टाका. पाहिलं कुणी? पटेलाची बायको. घरची साक्ष, कोण विश्वास ठेवतो?" मागं गिरजाबाई उभी होती. डोळे खोल गेलेले.

"बाई, म्या तुमाले वटी देल्लीच नाही. मी शपथेवर सांगतो."

"गिरजाबाई, खोटं बोलाल?"

"तिकडे धनी बाजेवर पडून वावराकडे तोंड करून राह्यते. त्याले काय सांगू, वटीपायी वावर गेलं म्हून? तुमचं एक खोटं, माहं एक खोटं. देव दोन खोटे पोटात घालन."

"आणि पटेल इतकी खोटी बोलला ती?"

"त्याच्यासाठी मोठं पोट लागन," ती म्हणाली. हसली नाही.

पुकारा झाला. मी पिंजऱ्यात चढले. ज्या लाकडी कठड्यावर हात ठेवून मी साक्षीदारांना घाबरवायची स्वप्नं पाहत असे, तो कठडा आतल्या बाजूनं घामानं गुळगुळीत झालेला असतो, हे तेव्हा कळलं. शपथ घेतली. पटेलाचे वकील नरसय्या गारू, म्हणजे आपल्याकडचे 'राव', उठले. त्यांचा आवाज असा, की ते बोलायला लागले की टायपिस्टची बोटं आपोआप थांबत.

"अम्मा, त्या दिवशी तुम्ही वादीबाईकडून ओटी घेतली?"

खोलीत पंखा फिरत होता. एका बाकावर गिरजाबाई, दुसऱ्यावर पटेल आणि कौसल्याबाई. नाही म्हटलं की सुटले. गिरजाबाई सुटली. माझा कोट सुटला. वाळवीनं खाल्लेलं पान डोळ्यांपुढे आलं. तो उभा राहिला, त्यानं टोपी हातात घेतली, आणि... त्या जर्मनाचा मला इतका राग आला. मेल्या, तुझी पानं वाळवीनं खाल्ली म्हणून तू सुटलास. मला टायपिस्ट आहे.

"होय," मी म्हटलं. "घेतली."

गिरजाबाईनं डोळे मिटले. पटेल मांडीवर थाप मारता मारता थांबला, कोर्ट आहे हे आठवून. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. ते गोदावरीकाठचे, तेलुगू. विचारलं, "ओटी म्हणजे? आमच्याकडे ओडि बिय्यम घालतात, तेच?"

"तेच सर. तुमच्याकडे तांदूळ घालतात."

"आणि इथं?"

"ज्वारी."

नरसय्या गारूंना आता मला पुरतं लोळवायचं होतं. "म्हणजे तुम्ही वादीच्या घरी गेलात. पाहुणचार घेतलात. जेवलात."

"नाही. मी तिच्या घरी गेले नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. उचकी लागली होती तरी."

मागं कुणीतरी खुसकन हसलं.

"घरी गेला नाहीत?" ते कोर्टाकडे वळून हसले. "मग वादीबाई काय ज्वारीची रास कमरेला बांधून वावरात आली होती?"

"नाही. खण-नारळ कमरेला बांधून आणले होते. ज्वारी तिथंच होती."

"तिथं—" नरसय्या गारू म्हणाले, आणि थांबले. इतका मोठा वकील तोंड उघडं ठेवून थांबलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांना दिसलं होतं. पुढचा शब्द त्यांनी गिळला. "दॅट्स ऑल," म्हणाले आणि बसायला लागले.

"एक मिनिट," न्यायाधीश म्हणाले. "तिथं म्हणजे कुठं?"

आता मला पळायला जागा नव्हती, आणि पळावंसंही वाटत नव्हतं. मी सांगितलं. अहवालात जो कडब्याचा ढीग लिहिलाय त्याच्या खाली ज्वारीची रास होती, खळं केलेली. गिरजाबाईनं माझ्यादेखत पेंढ्या काढून त्यातली ओंजळ भरली. त्या गावात पहिली ओटी आपल्या वावरातल्या दाण्यानं भरतात.

"हे अहवालात का नाही?"

"मी गाळलं, सर."

"का?"

"ओटी घेतल्याचं लपवायला."

टायपिस्टनं ते वाक्य ठकाठक टाइप केलं. आयुष्यात माझ्या वाक्यांना बरेच टायपिस्ट लाभले, पण इतक्या स्वच्छ आवाजात एकही वाक्य उमटलं नाही. न्यायाधीशांनी फाइल चाळली, कौसल्याबाईचं शपथपत्र काढलं, एका ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. विहिरीजवळ. ज्वारीची ओटी. पटेलाच्या बाजूनं, पटेलाच्या बायकोच्या अंगठ्यानिशी. त्या वावरात वर्षानुवर्षं पऱ्हाटीच होती, तर विहिरीजवळ गिरजाबाईच्या हातात ज्वारी आली कुठून, हे आता पटेलालाच सांगावं लागणार होतं.

निकाल आठवड्यानं लागला. तो आठवडा मी साबुदाण्यावर काढला. उपवास नव्हता, घास उतरत नव्हता. निकालात पहिला परिच्छेद माझा. कमिशनरचं वर्तन अशोभनीय, अहवाल रद्द. भर कोर्टात वाचला गेला. कोटाच्या आत मी बोटभर उरले. मग दुसरा परिच्छेद. अहवाल रद्द झाला तरी उलटतपासणीत आलेली साक्ष आणि प्रतिवादीनं स्वतः दिलेलं शपथपत्र शिल्लक राहतं. दोन्हींवरून त्या हंगामाची ज्वारी वादीची होती असं दिसतं. मूळ दाव्याचा निकाल लागेपर्यंत पटेलानं त्या वावरात पाय ठेवू नये.

मूळ दावा पुढं आमच्या दाव्यांच्या रीतीनं चालला. पण विहीर त्या दिवसापासून गिरजाबाईकडे राहिली, ती आजतागायत तिच्या लेकीकडे आहे. बाहेर व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, हात धरून रडेल.

"बाई, पयलेच सांगाचं असतं ना राशीचं," ती म्हणाली. "काऊन लपवलं? माहं अर्धं रक्त आटलं."

बरोबर होतं तिचं. त्यानंतर बरीच वर्षं मला कुणी कमिशन दिलं नाही. बार रूममध्ये मी शिरले की कुणीतरी हमखास विचारायचं, "वकीलबाई, डब्यात आज काय?" मला राग यायचा. मग राग गेला, सवय झाली. मग मीच विचारायला लागले.

ही गोष्ट इथंच संपली असती. पण या चैत्रात नातीला ते वावर पाहायचं होतं. आदिलाबादशेजारच्या मावल्याहून गाडीनं निघालो. गिरजाबाई आता नाही, विहिरीवर मोटार बसली आहे, धुऱ्यावर पुन्हा गवत आहे. परतताना पटेलाच्या वाड्यापाशी मी गाडी थांबवायला लावली. किसन पटेल जाऊन बरीच वर्षं झाली. ओसरीवर कौसल्याबाई बसली होती. माझ्यापेक्षा वयानं मोठी, पण नजर घारीची. ओळखलं.

"उचकीवाल्या बाई नं तुमी?"

मी शेजारी टेकले. म्हटलं, "त्या दिवशी तुमचं कुंकू नाकारलं. चुकलं माझं."

"राग तं आलता," ती म्हणाली. "लय आलता. म्हून तं म्या धन्याले वटीचं सांगतलं, पाण्याले येताना दुरून पाहलं होतं ते. वकिलानं माह्याकडून सारं लिहून घेतलं. लिहिता लिहिता इचारलं त्यानं, वटीत काय होतं? तवा माह्या ध्यानात आलं, का ज्वारी म्हटलं का वावर गिरजीचं होते."

"मग?"

"मग काय? तांदूळ म्हणता आलं असतं मले. दुसरं कोण पाहाले गेलतं?" तिनं पाय लांब केले. "नाही म्हटलं. त्याच विहिरीचं पाणी आमी दोघी जावाजावांसारख्या शेंदत होतो, लगन होऊन आलो तवापासून. धनी माहा होता, पण ज्वारी तिची होती. ज्वारी म्हटलं, अन् अंगठा देल्ला."

त्या खोलीत त्या दिवशी मी एकटीच खरं बोलले, असं मी इतकी वर्षं समजत होते. मला तर शपथ होती, कठडा होता, वर न्यायाधीश होते. हिला घरी परत जायचं होतं, पटेलाबरोबर, एकाच गाडीत.

मी पदर पुढं केला. "आता लावा कुंकू. भरा ओटी."

ती मागं सरकली. कपाळ मोकळं होतं तिचं. "माह्या हातचं चालत नाही आता. थांबा, सुनेले हाक मारतो."

"मी सुनेचं नाकारलं नव्हतं," मी म्हटलं. "तुमचं नाकारलं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उठली, गुडघ्यावर हात ठेवत आत गेली, तोच करंडा शोधून आणला की दुसरा, मी विचारलं नाही. ज्वारी आता त्या गावात कुणी पेरत नाही. सोयाबीन आणि कापूस. पाच ओंजळी सोयाबीन माझ्या पदरात पडलं. कुंकू थोडं नाकावर सांडलं. नात फोटो काढायला लागली, तिला मी दटावलं.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "आजी, सगळं सांडेल. माझ्या टिफिनमध्ये ओत ना."

"डबा राहू दे," मी म्हटलं, आणि पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून घरापर्यंत तशीच बसून राहिले.